तीन वेढ्यांचं मुसकं

माझ्या शेजारच्या दुकानात पिस्तुलाची कव्हरं शिवली जातात, हे मला माझ्या दुकानाचं शटर रंगवून झाल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी दुसरीकडं गाळा बघितला असता, असं मी आज सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे बघितला नसता. वडवणीत बसस्टँडच्या रस्त्यावर रिकामा गाळा मिळणं किती अवघड आहे, ते ज्यानं शोधलाय त्यालाच माहीत.

नारळ फोडून झाला आणि शेजारधर्म म्हणून मी दोन पेढे कागदावर घेऊन शेजारी गेलो. पत्र्याच्या छपराखाली एक म्हातारा मांडी घालून बसला होता. लाल फेटा, पांढऱ्या मिशा, कानात बाळी. पुढ्यात लाकडी पाट, पाटावर ओलं चामडं, आणि बाजूला, जिथं एखादा पानाचा डबा ठेवेल तिथं, काळंकुट्ट पिस्तूल. माझ्या हातून कागद सुटला.

"भिऊ नका," म्हातारा म्हणाला, "बाभळीचं लाकूड हाय. पेढे तेवढे उचला."

मी पेढे उचलले, फुंकले आणि त्यांच्यापुढं धरले. त्यांनी दोन्ही खाल्ले. मग मिशा पुसत विचारलं, "तुमी काय करता?"

"फ्लेक्स."

"म्हंजी पेंटर."

"नाही, कॉम्प्युटरवर करतो मी."

"पेंटरच की मग."

तेव्हापासून मी पेंटर. आयुष्यात मी ब्रश धरला तो फक्त दात घासायचा, पण सहा वर्षं मी त्यांचा पेंटर राहिलो आणि ते माझे आबा.

आबा मेंढपाळाच्या घरचे. त्यांचे भाऊ अजून चकलांब्याच्या बाजूला कळप घेऊन हिंडतात. यांनी मात्र विशीतच मेंढरं सोडली आणि चामडं हातात घेतलं. का, ते त्यांनी दर वेळी निराळं सांगितलं. एकदा म्हणाले, मेंढरांचा कंटाळा आला. एकदा म्हणाले, मेंढरांना माझा कंटाळा आला. चामड्याला हात लावला म्हणून घरच्यांनी कितीतरी वर्षं त्यांना पंगतीत बाजूला बसवलं. हे सांगतानासुद्धा त्यांच्या आवाजात कडवटपणा नसे. "एकल्यालाच पान मांडायचे. वाढपी आधी माज्याकडंच यायचा," असं ते मजेत सांगत. मला मात्र ते ऐकून दर वेळी राग यायचा, आणि माझा राग बघून त्यांना हसू यायचं.

सुरुवातीला ते बैलांचा साज करत. म्होरक्या, घुंगरमाळा, कवड्यांचे पट्टे. मग बैल कमी झाले, घरोघर ट्रॅक्टर आले आणि ट्रॅक्टरच्या गळ्यात कोणी घुंगरमाळ बांधत नाही. आबांचं दुकान दोनतीन वर्षं नुसतं उघडत होतं आणि मिटत होतं. मग कमरेला पिस्तूल लावणारी माणसं यायला लागली. हल्ली आमच्या भागात गळ्यात सोन्याची साखळी आली की पुढचा दागिना पिस्तूल. परवाना असतो, नाही असं नाही. पण ते दिसायला पाहिजे, नाहीतर घेऊन उपयोग काय. आणि दिसायचं तर चांगलं दिसायला पाहिजे. इथं आबांचं नशीब उघडलं.

कव्हर हा शब्द त्यांना खपत नसे. "कव्हर उशीला असतंय. ह्याला मुसकं म्हनायचं." मुसकं म्हणजे बैलाच्या तोंडाला बांधायची जाळी. कोळपताना बैलानं उभ्या पिकाला तोंड लावू नये म्हणून ती बांधतात. पिस्तुलाला मुसकं म्हणणं ही म्हाताऱ्याची गंमत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पाटीसुद्धा त्यांनी माझ्याकडून तशीच करून घेतली, 'येथे सर्व प्रकारची मुसकी मिळतील.' ती वाचून एसटीतून उतरलेले शेतकरी बैलाच्या तोंडाची मापं घेऊन यायचे आणि आत नऊ एमएमचं मुसकं बघून आल्या पावली परत जायचे.

कामात मात्र गंमत नव्हती. बाभळीची साल भिजवून चामड्याला रंग द्यायचा, करडईच्या तेलानं ते मऊ करायचं आणि मग नक्षी. नक्षीचे ठसे त्यांचे त्यांनीच बनवलेले. छत्रीच्या काड्या, जुने खिळे, सायकलच्या व्हॉल्व्हची टोपी. त्यातून ज्वारीचं कणीस उठायचं, बोरीची पानं उठायची, आणि सगळ्यात खाली कोपऱ्यात मेंढीच्या खुराचा एक ठसा. ती त्यांची सही. मी दिवसभर कॉम्प्युटरवर तयार वेलबुट्ट्या चिकटवणारा माणूस. त्यांचं एक कणीस उठायला लागणारा वेळ बघून मला स्वतःची लाज वाटायची आणि मी परत जाऊन तयार वेलबुट्टी चिकटवायचो.

त्यांचा एक कायदा होता. खरं हत्यार उंबऱ्याच्या आत यायचं नाही. गिऱ्हाईक जीपमध्ये बसून राहायचं, आबा सुतळी घेऊन बाहेर जायचे, आधी ते रिकामं करायला लावायचे, मग सुतळीला गाठी मारत माप घ्यायचे. त्या गाठींवरून बाभळीचं पिस्तूल कोरायचे आणि ओलं चामडं त्या लाकडावर चढवून वाळवायचे. काम झालं तरी लाकूड फेकायचे नाहीत, खिळ्याला टांगायचे. मी गेलो तेव्हा भिंतीवर अकरा होती.

या अकरांपायी एकदा दुकानावर पोलिसांची जीप आली. नवीन बदलून आलेल्या फौजदारांना कोणीतरी कळवलं होतं की बसस्टँडसमोर भिंतभर शस्त्रसाठा आहे. चार शिपाई उड्या टाकून उतरले. मी माझ्या दुकानात काउंटरखाली बसलो, हे कबूल करतो. आबा जागचे हलले नाहीत. "बसा साहेब, च्या घ्या," म्हणाले. फौजदारांनी भिंतीवरचं एक काढलं, वजन बघितलं, नखानं खरवडलं आणि परत टांगलं. मग खाली बसले. चहा आला. आबांकडचा चहा म्हणजे स्टीलच्या ग्लासात काठोकाठ, वाफाळता, आणि बशी मागितली तरी मिळायची नाही. फौजदारांनी ग्लास जमिनीवर ठेवला, निवू दिला, शिपायांना बाहेर बसायला सांगितलं आणि दहा मिनिटांनी शांतपणे प्यायले. जाताना त्यांनी स्वतःच्या सरकारी पिस्तुलासाठी एक मुसकं सांगितलं.

आठ दिवसांनी आबांनी ते दिलं. साधं तपकिरी चामडं, एक टिचबटण, कोपऱ्यात खूर. बस. फौजदार चांगला माणूस म्हणून काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा पडलेला मी बघितला. त्याच आठवड्यात मांजरसुंब्याच्या एका ढाबेवाल्यानं जे मुसकं नेलं होतं ते बघून लग्नातला नवरदेव लाजला असता.

आता हे नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर आहे. आबांच्या मुसक्यात पिस्तुलाच्या मुठीवरून एक पट्टा फिरायचा, अंगठ्याएवढा रुंद. त्याच्यावर कवड्या, पितळी चांदण्या, टोकाला लोकरीचा गोंडा आणि गोंड्यात घुंगरं. कोणाला पट्टाच नसे, नुसतं टिचबटण. कोणाला दोन वेढे. आणि अगदी थोड्यांना तीन वेढे. कोणाला काय मिळणार हे आबा ठरवत. गिऱ्हाइकानं कितीही सांगितलं तरी ते म्हणत, "ते माज्यावर सोडा. तुमाला बगूनच करतो."

लोकांनी त्याचा सरळ अर्थ लावला. ज्याला जास्त वेढे तो मोठा माणूस. दोन वेढेवाला तीन वेढेवाल्याला आधी नमस्कार घालायला लागला. एका वाढदिवसाला दोन भाऊंच्या माणसांची बाचाबाची झाली, ती कोणाच्या मुसक्याला जास्त कवड्या यावरून. आणि त्या सगळ्यांचे फ्लेक्स माझ्याकडं. मी कमरेचा भाग मोठा करायचो, पितळेवर चमक टाकायचो, घुंगरांभोवती किरणं काढायचो. कोणाला तीन वेढे असले की माझाही ऊर भरून यायचा, कारण काहीही झालं तरी माल आमच्या शेजारचा.

आबांनी मात्र एकही फ्लेक्स कधी बघितला नाही. चौकातून जाताना ते मान खाली घालून जायचे. "जित्या मानसाचा एवढा मोटा फोटू बगू न्हाई. नजर लागती," म्हणायचे. नजर कोणाला लागते, बघणाऱ्याला की फोटोतल्याला, हे मी विचारलं होतं. ते म्हणाले, "पेंटरला."

त्यांना एकदा मी स्पष्टच विचारलं होतं, की आबा, देवाधर्माचे माणूस तुम्ही, कोंबडीसुद्धा कापत नाही, मग हा धंदा कशाला करता. त्यांचं दाभण थांबलं नाही. "मी न्हाई केलं तर पिस्तूल घ्यायचं थांबनारेत का ते? उगडंच खोचत्यात कमरंला. मी बगितलंय. इजारीत उगडं." एवढंच म्हणाले. मला ते धंदेवाल्याचं उत्तर वाटलं. मी मनात थोडा त्यांच्यावर नाराजसुद्धा झालो, आणि परत जाऊन एका घुंगराभोवती किरणं काढली.

माझ्या धाकट्या भावानं पिस्तूल घेतलं तेव्हा मला पहिला धक्का बसला. त्याचा खडीचा धंदा, माणसं हाताखाली, दोन गाड्या. परवाना कसा मिळाला ते मला विचारू नका, मलाही त्यानं सांगितलं नाही. आई म्हणाली, ते घरात देवाच्या खोलीत ठेवायचं नाही. तो म्हणाला, "देव काय भितोय का त्याला." आमचा धाकटा मनानं वाईट नाही. हे प्रत्येक भाऊ आपल्या भावाबद्दल म्हणतो, तरी म्हणतो. आईच्या गुडघ्यांना तेल तोच लावायचा. पण राग आला की त्याला समोरचं दिसत नसे. लहानपणी माझी पाटी त्यानं दोनदा माझ्याच डोक्यावर फोडली आहे, आणि दोन्ही वेळा नंतर माझ्यापेक्षा जास्त तोच रडला.

मीच त्याला आबांकडं घेऊन गेलो. जीपमध्ये माप झालं, मग चहा आला. धाकट्यानं बोलता बोलता मोठा घोट घेतला, जीभ पोळली, आणि त्यानं ग्लास सरळ रस्त्यावर भिरकावला. एका म्हशीला लागला. मी हसलो. आबाही हसले. "लई गरम हुता व्हय?" म्हणाले, आणि सुतळीला आणखी एक गाठ मारली.

महिन्यानं जे मुसकं हातात पडलं, ते बघून मी थक्क झालो. तालुक्यात तसं दुसरं नव्हतं. ज्वारीची कणसं अशी उठलेली की दाणे मोजावेत. दर दोन बोटांवर एक कवडी, मध्ये पितळी चांदण्या, तीन वेढे, लाल गोंडा, गोंड्यात सात घुंगरं. धाकटा चालला की गल्लीच्या तोंडापासून कळायचं. "तीन वेढे," तो आईला म्हणाला, "बग." आई म्हणाली, "बैलावानी वाजतोस." त्याला वाटलं तिनं कौतुक केलं.

त्याचा वाढदिवस आला. दहा बाय वीसचा फ्लेक्स ठरला. फोटो माझ्या दुकानात काढायचे होते. तो एक पाय स्टुलावर ठेवून उभा राहिला, हात कमरेवर. पण मुठीवरून पट्ट्याचे तीन वेढे आणि गोंडा, त्यात पिस्तूलच दिसेना. "मूठ दिसाया पायजे," धाकटा म्हणाला. त्यानं वेढे सोडायचा प्रयत्न केला. एका हातानं जमेना. ओढलं की जास्तच आवळायचं. दोन्ही हात लावले, तोंड लाल झालं. "लई वळवळ करतंय हे. कापून टाक, दादा."

मी फ्लेक्स कापायचा कटर घेतला आणि कापला. शिवणीला लागून, अगदी सफाईनं. आतलं चामडं खरचटलंसुद्धा नाही. मला आठवतंय, मी स्वतःवर खूश होतो. तुटलेला पट्टा मी कॉम्प्युटरच्या कोपऱ्याला टांगला, शोभेला. फोटो फार छान आला.

वाढदिवसानंतर तिसऱ्या दिवशी आमच्या शेताची सरकारी मोजणी होती. चुलत्यांच्या आणि आमच्या रानामध्ये एक वाट आहे. ती कोणाच्या हद्दीत, यावरून चुलतभावाशी दोन वर्षं धुसफूस चालली होती. मोठं काही नाही, बोलणं बंद, एवढंच. मोजणी झाली की वाद मिटेल म्हणून मी निश्चिंत होतो. धाकटा सकाळीच गेला होता. मला एक लग्नाचा फ्लेक्स द्यायचा होता, म्हणून मी दुकानात थांबलो.

दहाच्या सुमाराला आबा सुई मागायला आले. नेहमी दारातूनच बोलायचे, त्या दिवशी आत आले. बोलता बोलता थांबले. त्यांची नजर कॉम्प्युटरच्या कोपऱ्यावर होती.

"हे कावून हितं?"

मी हसत हसत सांगितलं. फोटो, मूठ, कटर. सांगताना मला वाटलं ते आपल्या कारागिरीसाठी चिडतील. ते चिडले नाहीत. खुर्चीचा हात धरून हळूच खाली बसले. सहा वर्षांत मी त्यांना खुर्चीवर बसलेलं बघितलं नव्हतं.

"धाकले कुटं हायेत आता?"

"शेतात. मोजणीला."

"कमरंला ते हाय?"

"असणारच की."

"पेंटर," ते म्हणाले, "ते कापायचं नसतंय हो. कुनी कापंल, ह्ये माज्या डोस्क्यातच आलं न्हाई कदी. मुसकं कुनी कापतं का?"

आणि मग त्यांनी चारदोन वाक्यांत सगळं सांगितलं. तीन वेढे सोडायला दोन्ही हात लागतात. हिसका दिला की ते आवळतात, दम धरून सोडले तरच सुटतात. "तेवढ्या येळात मानसाचा राग उतरतोय. न्हाईच उतरला तर शेजारचा मानूस हात धरतोय. घुंगरं त्याच्यासाटीच. हात तितं गेला की वाजाया पायजेत, म्हंजी समद्यांला कळतंय." आणि चहा? "निवू देतो त्याला बटन. शिव्या देतो त्याला दोन. गिलास फेकतो त्याला तीन."

"म्हणजे जेवढी नक्षी जास्त—"

"आमच्यात जो एडका मारका असतो, त्याच्याच गळ्यात घंटी बांदत्यात. लेकरांनी लांबूनच ऐकावं म्हून. तुमा समद्यांला त्यो दागिना वाटला, त्याला मी काय करू? नक्षी काडली नसती तर बांदून घेतलं असतं का कुनी?"

 सहा वर्षांतले माझे सगळे फ्लेक्स डोळ्यांपुढून गेले. मारक्या माणसांच्या गळ्यातल्या घंट्या मी दहा बाय वीस करून चौकाचौकात लावल्या होत्या, त्यांना किरणं काढली होती. तालुक्यात खरा मान मिळालेला माणूस एकच, तो साध्या बटणाचा फौजदार, आणि त्याची मला कीव आली होती. आणि तालुक्यातल्या सगळ्यात मारक्या माणसाची घंटी मी माझ्या हातानं कापली होती. तो माझा भाऊ होता.

मी फोन लावला. रिंग जात होती, तो उचलत नव्हता. आबा माझ्या आधी मोटारसायकलपाशी जाऊन उभे होते.

शेत आठ किलोमीटर. वाटभर आबांचे हात माझ्या खांद्यांत रुतत होते. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही, त्यातलं निम्मं मी पाळलेलं नाही. रानात पोचलो तर मोजणीवाल्यांनी यंत्र मांडलं होतं, दहाबारा माणसं उभी होती. सगळं शांत दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. क्षणभरच.

मोजणीवाल्यानं खूण म्हणून पांढरी भुकटी टाकली होती आणि वाट निम्मी निम्मी निघाली होती. म्हणजे दोघंही खरे. पण चुलतभाऊ हसून म्हणाला, "कावून बे, कमरंला खेळनं लावून आलता ना? निगाली का वाट त्यानं?" एवढंच. यात जीव घेण्यासारखं काय होतं? आमच्या घरात याहून वाईट बोलणी जेवताना होतात.

धाकट्याचा हात कमरेला गेला. मला दिसला. बाकी कोणाला दिसलाच नाही, कारण वाजलंच नाही काही. माणसं यंत्राकडं बघत होती. हात गेला आणि पिस्तूल हातात आलं, लोण्यातून सुरी यावी इतकं सहज. मी ओरडायला तोंड उघडलं आणि माझा आवाज फुटला नाही. मी पंधरा पावलांवर उभा होतो आणि माझे पाय जागेवरून हलले नाहीत. हे मी कोर्टात सांगितलं, इथंही सांगतो.

आबा हलले. धावले नाहीत. मारक्या जनावराजवळ जातात तसे बाजूनं, तोंडानं हलका आवाज करत, "हो, हो, हो, हो," असं म्हणत चालत गेले. धाकट्यानं त्यांच्याकडं मान वळवली, हात तसाच चुलतभावाच्या छातीकडं. आबांनी उजवा पंजा पसरला आणि पिस्तुलाच्या तोंडावर ठेवला. अगदी हळू, मुठीत घ्यावं तसं. मग आवाज झाला.

चुलतभावाला काही झालं नाही. तो मागे पडला होता, ढेकळांत, पांढऱ्या भुकटीवर. धाकट्याच्या हातून पिस्तूल गळलं आणि तो खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. आबा उभेच होते. आपल्या हाताकडं बघत होते, चामड्याचा तुकडा नीट कापला गेलाय की नाही हे बघावं तसे. कोणीतरी पटका सोडून त्यांच्या हाताला गुंडाळला. चुलतभावानं स्वतःच्या जीपमध्ये त्यांना बीडला नेलं. मी मागे बसलो होतो, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन.

तीन बोटं काढावी लागली. अंगठा आणि करंगळी राहिली. धाकटा आत गेला, परवाना गेला, खटला चालू आहे. चुलतभाऊ आता आईला भेटायला येतो आणि तिच्याशेजारी गुपचूप बसून राहतो. चौकातला फ्लेक्स मी त्याच संध्याकाळी उतरवला. बाकीचे तीन वेढेवाले आपापली मुसकी अजून मिरवतात. त्यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं तर ते कापून टाकतील, ही मला भीती आहे.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात आबांजवळ एकटा होतो. हात मनगटापासून पांढऱ्या पट्ट्यांत, उशीवर ठेवलेला. फेटा नसल्यानं ते मला फार लहान दिसले. त्या हातानं आता कणीस उठणार नाही, खूर उठणार नाही, हे माझ्या मनातून जात नव्हतं आणि ते मात्र समोरच्या खाटेवरचा माणूस किती घोरतो याची मला तक्रार सांगत होते. शेवटी मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आबा, मी कापलं. तुम्ही हात कावून घातला? लांबून ओरडायचं होतं. मला ढकलायचं होतं पुढं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, मला चांगलं आठवतंय. मी काहीतरी अगदी सोपं विचारलंय, असं बघितलं.

"मुसकं न्हवतं न्हवं त्याला, पेंटर. म्हून हात घातला."

मला रडू आवरेना. मी तोंड फिरवून खिडकीकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, तहान लागली. मी माठातून ग्लास भरला आणि त्यांच्यापुढं धरला. ग्लास घ्यायला त्यांनी सवयीनं उजवा हात उचलला.